मृतदेह कोणाच्या वाटणीला?

१

मृतदेह नाहीसा झाल्याचं मामांनी फोनवर सांगितलं, तेव्हा शेंडी एका जळक्या सोफ्यापुढे उकिडवी बसून तो आपणहून जळाला की त्याला कोणी मदत केली, याचा विचार करत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आज सकाळपासून. काल वाटणी होईपर्यंत होता. दोघांच्या देखत होता. आता दोघांकडेही नाही."

"दादा काय म्हणतो?"

"तो म्हणतो बारक्याने लंपास केला. बारक्या म्हणतो दादाने. आणि बारक्या गाव सोडून चाललाय, संध्याकाळी त्याचा टेम्पो येतोय. एकदा टेम्पो हलला की हे दोघे जन्मात एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. तू निघ आधी."

"मृतदेहाला कोणी हात लावू नका. म्हणजे सापडला तर," शेंडी म्हणाली आणि उठली. सोफ्याचा मालक दाराआड उभा राहून हे ऐकत होता. त्याने आपला विम्याचा दावा जागच्या जागी मागे घेतला.

शेंडी विमा कंपनीत तपासनीस होती. घरातलं शेंडेफळ म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. जिचं नावच शेंडी, तिला कोण शेंडी लावणार, असं बाबा म्हणायचे. बाबा जाऊन आता बराच काळ लोटला होता. ते अगदी रीतसर, दवाखान्यात, डॉक्टरांच्या परवानगीने गेले. हरवलेला मृतदेह त्यांचाच होता, पण त्याच्या कितीतरी आधीचा.

त्याचं असं झालं. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तिघं भावंडं लहान असताना बारक्याच्या डोक्यात सिनेमा काढायचं खूळ शिरलं. रहस्यपट. दादा संशयित, शेंडी स्केचपेनची मिशी लावून इन्स्पेक्टर, आणि बारक्या कॅमेऱ्यामागे. बाबांना एक वाक्य पाठ होईल तर शपथ, म्हणून त्यांना मृतदेहाचं काम दिलं. ते त्यांनी इतकं जीव ओतून केलं, की बघणाऱ्याला धडकी भरावी. सिनेमा मात्र पुरा झाला नाही. खुनी कोण, यावर भावांचं एकमत होईना. दादाला खुनी व्हायचं होतं. बारक्या म्हणे तुझ्या तोंडावरच दिसतं, मग रहस्य काय राहिलं, कपाळ?

आणि बाबांचा दुसरा एकही धड फोटो नव्हता. आयुष्यभर गावाला हसवून फोटो काढणारा माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसे. ओळखपत्रावर होता एक, पण त्यात ते पाकीटमारासारखे दिसत. त्यामुळे बाबांना बघावंसं वाटलं तर मेलेलंच बघावं लागे, आणि तेही आता चोरीला गेलं होतं.

गाडीत बसल्यावर शेंडीच्या लक्षात आलं, की आपण मघापासून रुमालाने वरचा ओठ पुसतोय. मिशी असायची, तिथे.

२

शेंडी स्टुडिओपाशी उतरली.

दुकानाच्या बरोब्बर मधोमध प्लायवूडची भिंत उभी होती. काउंटर करवतीने कापला होता. प्रकाशाच्या दोन छत्र्यांपैकी एक इकडे, एक तिकडे. मागचा रंगवलेला पडदा, ज्यावर डोंगर, तळं आणि तळ्यात नाव होती, तोही मधून फाडला होता. दादाकडे डोंगर आणि अर्धी नाव. बारक्याकडे तळं आणि उरलेली अर्धी. डोंगरापुढे फोटो हवा असेल त्याने या दाराने यावं, तळ्यापुढे हवा असेल त्याने त्या. बुडायचं मात्र दोन्हीकडे सारखंच.

"सुताने मापून केलंय," मामा अभिमानाने म्हणाले. मामा वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. खोट्या तराजूंच्या मागे लागण्यात जन्म गेला, त्यामुळे घरातसुद्धा बिस्किटाचा पुडा उलगडला की ते आधी मोजत.

"मामा, भांडण कशावरून झालं?"

"दादा म्हणतो छत्रीवरून. बारक्या म्हणतो पासपोर्ट फोटोत गिऱ्हाइकाला थोडं हसू द्यावं की नाही, यावरून. मला विचारशील तर दोघांनाही नक्की आठवत नाही. मी म्हटलं, कारण राहू द्या, वाटणी तरी नीट करा."

"आणि कॉम्प्युटर?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. प्लायवूडला एक चौकोनी खिडकी पाडली होती आणि कॉम्प्युटर त्या खिडकीत, बरोबर हद्दीवर ठेवला होता. पडदा फिरता. सकाळी दादाकडे तोंड, दुपारनंतर बारक्याकडे.

"आत डिस्क एकच," मामा म्हणाले. "बाबांच्या वेळेपासूनचे सगळे फोटो त्यात. भिंत घालूनही जमेना म्हणून बारक्या गावच सोडतोय, तर संध्याकाळी त्याचा हिस्सा नव्या डिस्कवर उतरवून द्यायचा ठरलंय. पण वाटणी माझ्यासमोर, एकाच डिस्कवर व्हायला हवी. म्हणून तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना बोलावलं. त्यांनी तिचे दोन भाग पाडले, एक दादाचा, एक बारक्याचा. गिऱ्हाइकांचा एकही फोटो इकडचा तिकडे झाला नाही. दोन्ही भाग तंतोतंत सारखे. मी स्वतः पाहिले."

"आणि सिनेमा? त्याची कॉपी करून दोघांना एकेक दिली असती तरी चाललं असतं की."

मामा तिच्याकडे असे बघत राहिले, जणू भाचीने भर बाजारात दगडाला किलो म्हटलं होतं.

"कॉपी? अगं, दोघांना सगळंच मिळालं तर त्याला वाटणी कोण म्हणेल? विषम दृश्यं दादाला, सम बारक्याला. ठरलं होतं तसं."

म्हणजे प्रेत सापडणार दादाकडे, आणि त्याची ओळख पटणार बारक्याकडे. शेंडीने डोळे मिटून घेतले.

"आणि सकाळी मी विचारलं, मिळाला का रे ज्याचा त्याला? तर दोघेही म्हणाले, माझ्याकडे नाही. एक दृश्यसुद्धा नाही. त्यावर जे जुंपलंय दोघांचं..."

भिंतीपलीकडून कोणीतरी खोका जोरात आपटला. भिंतीच्या अलीकडून दादाने त्याहून मोठा खोका आपटला. त्याला कुठे जायचं नव्हतं. खोका रिकामा होता.

३

"बस," दादा म्हणाला. "चहा घेतेस? अर्धी किटली माझी आहे."

दादाचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते. अर्ध्या नावेपुढे तो स्टुलावर बसला होता आणि मागून बघणाऱ्याला वाटावं, हा वल्हवून वल्हवून दमला.

"दादा, सिनेमा कुठे आहे?"

"त्याच्याकडे."

"तुझा हिस्सा नीट शोधलास?"

"शोधायचं काय त्यात? माझ्याकडे नाहीच."

"चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये..."

"शेंडे, नाही म्हटलं ना! त्याच्याकडे आहे. सगळाच्या सगळा. आणि वर मामांना तोंड वर करून सांगतो, माझ्याकडे नाही! मला सिनेमाचं काही नाही गं. पण हे असं खोटं? सख्ख्या भावाने?" त्याने छत्रीचा दिवा उगाच लावला आणि उगाच बंद केला.

"तो तिकडे गेल्यावर फोन करशील?"

"माझा फोन जुना झालाय," दादा म्हणाला. हे कसलं कारण, ते त्यालाही कळलं नसावं. मग खालच्या आवाजात, "तिकडे थंडी फार असते म्हणतात. स्वेटर घेतला का रे, असं विचारायचं होतं. तू विचार. माझं नाव नको सांगूस."

४

बारक्याकडे जायला रस्त्यावर उतरून पुन्हा दुसऱ्या दाराने चढावं लागे. एवढ्यासाठी तिला दोनदा चपला काढाव्या लागल्या.

बारक्या तळ्यापुढे खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. तिला बघून तो लहानपणीसारखा हसला आणि मग आपलं भांडण चालू आहे हे आठवून थांबला.

"या इन्स्पेक्टर. मिशी कुठाय?"

"वाटणीत गेली. सिनेमा कुठाय?"

"त्याच्याकडे, आणखी कुठे?"

"तुझा हिस्सा शोधलास?"

"शोधायला असायला तर हवा! माझ्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे."

"न बघता?"

"न बघता." त्याने चिकटपट्टी दाताने तोडली. "शेंडे, मला तो नकोच आहे. पण दादाने निदान एवढं म्हणावं ना, की हो, आहे माझ्याकडे. एक शब्द. मी सकाळपासून त्या खिडकीपाशी येऊन-जाऊन करतोय, म्हटलं आता बोलेल, मग बोलेल. तर हा मामांना सांगतो, माझ्याकडे नाही! ज्याच्या पाठीवर बसून पोहायला शिकलो, तो माणूस खोटं बोलतो, म्हणजे मी कशाला राहू इथे?"

"स्वेटर घेतलास का?"

"तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणीच नाही."

बारक्याने खिडकीकडे बघितलं. दुपार उलटली तरी कॉम्प्युटरची पाठ अजून या बाजूलाच होती. तिच्यातून नुसत्या वायरी लोंबत होत्या.

"नाही घेतला," तो जरा मोठ्याने, खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "एक होता, तो दादाच्या कपाटात राहिला."

शेंडीने आपल्या नोकरीत नाना परीची खोटी माणसं पाहिली होती. घर जळालं म्हणून रडणारी, आणि रडता रडता कितीचं जळालं ते सांगणारी. पण हे दोघे खरं बोलत होते. तिला ते इतकं लख्ख दिसलं की तिला भीती वाटली. दोघेही खरे असतील, तर सिनेमा खरंच गेला होता.

५

सर बाहेरच्या बाकावर बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. तिघांनाही शाळेत कॉम्प्युटर यांनीच शिकवला. माणूस शब्दाचा एवढा पक्का, की एकदा मुख्याध्यापकांनी 'मी येईपर्यंत वर्ग सोडू नका' म्हणून सांगितलं आणि ते आजारी पडले, तर सर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातच सापडले.

"सर, तुम्ही सिनेमा पुसलात?"

"मी? उभ्या आयुष्यात एक फाईल पुसली नाही मी. काय शिकवलं होतं, सांग बघू. भरल्या डिस्कचे भाग कसे पाडायचे?"

शेंडी नकळत सरळ बसली. "राहत्या घरात भिंत घालण्यासारखं, सर. आधी घरातल्या सगळ्या सामानाची एक नक्कल बाहेर, दुसऱ्या डिस्कवर. मग सामान एका बाजूला सरकवायचं. जागा मोकळी झाली की जुना भाग आखडून घ्यायचा आणि मोकळ्या जागेत नवा भाग बांधायचा. आणि सगळं जागच्या जागी आहे याची खात्री होईपर्यंत बाहेरच्या नकलेला हात लावायचा नाही."

"शाब्बास. तसंच केलं."

"मग नक्कल कुठे आहे?"

"काल रात्री जेवायच्या आधीच पुसली. मामा म्हणाले, नक्कल राहिली तर वाटणी कसली."

"आत्ता म्हणालात, आयुष्यात एक फाईल पुसली नाही."

"नक्कल पुसणं म्हणजे पुसणं नव्हे," सर म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले.

"सर, काल दादा तुम्हाला एकटा भेटला होता?"

"ते मी सांगणार नाही."

"आणि बारक्या?"

"तेही सांगणार नाही."

"सिनेमा दादाच्या भागात आहे?"

"नाही."

"बारक्याच्या?"

"नाही." सरांनी पेपर घडी केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ते अडचणीत सापडलेल्या पोरासारखे वाटले. "शेंडे, तू हुशार मुलगी होतीस. मी शब्दात अडकलोय. विचारू नकोस, विचार कर."

रस्त्याच्या टोकाला टेम्पो वळला.

६

शेंडीने सगळ्यांना खिडकीपाशी गोळा केलं. म्हणजे दादा आणि मामा अलीकडे, बारक्या आणि सर पलीकडे, आणि ती स्वतः काउंटरवर चढून मधे, भिंतीवर हात ठेवून.

"चोरी झालेली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मी खोटा?" दोन्हीकडून एकदम आवाज आला. दोघे एकदम बोलले म्हणून दोघेही ओशाळले.

"आधी मामा. डिस्क केवढी होती?"

"हजार जीबी. वर लिहिलंय."

"दोघांना मिळाले किती?"

"चारशे चाळीस, चारशे चाळीस. काट्यावर!"

"आठशे ऐंशी. मग बाकीचे?"

मामा जरा चाचरले. "अगं, कंपनीवाले मोजतात एका मापाने, कॉम्प्युटर दाखवतो दुसऱ्या. थोडी तूट यायचीच."

"येते. हजाराला साधारण सत्तरची. इथे एकशेवीस गेलेत. मामा, तुम्ही दोन्ही पारडी सारखी आहेत का तेवढं बघितलंत. माल किती होता, हे बघितलंच नाहीत."

मामा मटकन खाली बसले. साऱ्या नोकरीत एवढी मोठी चोरी त्यांच्या हातून कधी निसटली नव्हती.

"पन्नास राहतात. बारक्या, सिनेमा केवढा होता?"

"असेल पन्नासच्या आसपास," बारक्या सावकाश म्हणाला.

"आता सर. सर बाहेरची नक्कल कधी पुसतील? सगळं सुखरूप आहे याची खात्री झाल्यावरच, त्याआधी जीव गेला तरी नाही. आणि काल ती त्यांनी पुसली. म्हणजे सिनेमा डिस्कवर आहे, हे त्यांना माहीत होतं. दादाच्या भागात नाही, बारक्याच्या भागात नाही, तरी आहे. म्हणजे भाग दोन नाहीत, तीन आहेत. तिसऱ्याला सी, डी असं अक्षर दिलेलं नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. घर आहे, दाराला पाटी नाही."

"मी काही बोललेलो नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावं," सर म्हणाले. त्यांना एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत असावं.

"पण का?" मामा ओरडले. "सरांना काय करायचाय तुमच्या बापाचा मृतदेह?"

शेंडीने आधी अलीकडे बघितलं, मग पलीकडे.

"वस्तू हरवली की माणूस आधी स्वतःचं घर धुंडाळतो. हरवलेलं मांजर शोधताना लोक चहाच्या डब्यात बघतात, मी पाहिलंय. पण या दोघांनी आपापल्या हिश्श्यात बघितलंसुद्धा नाही. न बघताच दोघांना ठाऊक, की माझ्याकडे नाही, सगळा त्याच्याकडे आहे. हे कोणाला ठाऊक असतं? ज्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला, त्याला."

"दादा, काल तू सरांना गाठून काय सांगितलंस?"

"सांगितलं की माझी दृश्यंही बारक्याच्या भागात टाका. त्याला कळू देऊ नका. सिनेमा त्याचा आहे, सुचला त्याला, काढला त्याने. अर्धा घेऊन मी काय त्याचं लोणचं घालू?"

पलीकडे चिकटपट्टीचं रीळ खाली पडलं आणि गडगडत दूर गेलं.

"आणि तू, बारक्या?"

"मी सांगितलं, सगळा दादाला द्या," बारक्या म्हणाला. "बाबा आजारी होते तेव्हा मी लांब होतो. उशी बदलली ती दादाने. रात्री उठला तो दादा. बाबा त्याचेच. मला वाटलं, त्याला आपोआप सापडेल, आणि मग तो खिडकीतून म्हणेल काहीतरी."

"मी तुझी वाट बघत होतो, गाढवा."

"मी तुझी!"

"दोघांनीही मला शपथ घातली," सर म्हणाले. "एक म्हणतो त्याला द्या, सांगू नका. दुसरा म्हणतो त्याला द्या, सांगू नका. मी कोणाचा शब्द मोडू? शेवटी मधे एक खोली बांधली आणि बाबांना तिथे निजवलं. म्हटलं, कोणीतरी शोधत येईल."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मामा तरातरा बाहेर गेले आणि त्याला दम भरताना ऐकू आले, की तुझ्या हॉर्नचं माप तपासायला लागेल.

७

सरांनी पडदा अर्धवट फिरवला आणि डिस्कची पट्टी उघडली. दोन लांबलचक भाग, आणि त्यांच्या मधे एक चिंचोळा, बिनअक्षराचा. त्यांनी त्याला अक्षर दिलं. आत सगळी दृश्यं ओळीने होती, सम-विषम शेजारी शेजारी.

"शेवटचं लावा, सर," बारक्या म्हणाला. "ते आपण बघितलंच नाही कधी. त्या दिवशी भांडून उठलो, ते पुन्हा शूटिंग झालंच नाही."

बारक्या खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकला. दादाने त्याच्या पोटाखाली, प्लायवूडची कड रुतू नये म्हणून, आपला हात ठेवला. शेंडी दोघांच्या डोक्यांमधे घुसली.

स्टुडिओची जमीन दिसली. बाबा उताणे पडले होते, सदऱ्यावर लाल शाई. कॅमेऱ्यामागून पोरांचा कलकलाट चालला होता. खुनी मीच. तू नाहीस. मी आईला नाव सांगेन. मग पावलं धावत गेली, दार आपटलं, आणि आवाज लांब अंगणात गेला. कॅमेरा बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

बाबा पडून राहिले.

किती वेळ! एक माशी आली, नाकावर बसली, कंटाळून गेली. बाबांनी श्वाससुद्धा चोरून घेतला. लांबून पोरांच्या भांडणाचा आवाज येत होता, आणि मेलेल्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं दिसत होतं. मग आवाज थांबला. खोलीत काहीच हलेना. बाबांनी हळूच एक डोळा उघडला.

"झालं का रे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा त्या खोलीत कोणी नव्हतं. बाबा दाराकडे कान देऊन थांबले. अंगावरची धूळ झटकायला त्यांनी एक कोपर टेकलं. ते आता उठणार होते. उठले की चौकटीतून बाहेर जाणार होते.

"नाही म्हण," दादा म्हणाला. "बारक्या, तू दिग्दर्शक ना. नाही म्हण त्यांना."

"नाही झालं, बाबा," बारक्या म्हणाला. "अजून थोडं पडा."

बाबांनी थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग त्यांनी कोपर काढून घेतलं, डोळा मिटला, आणि ते पुन्हा शहाण्यासारखे मेले.